लिफ्टला एएमसी आहे, टॉरला कोण आहे?

नाशिकमधल्या कॉलेजांच्या, वाचनालयांच्या आणि क्लासेसच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या सर-मॅडमना, आणि त्यांच्या फायलींवर सही करणाऱ्या संस्थाचालकांनाही, खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी एएमसीवाला, म्हणजे वर्षाच्या करारावर मशीनची देखभाल करणारा. सोळा वर्षं झाली, पाठीवर बॅग टाकून सीबीएस ते सातपूर, पंचवटी ते नाशिक रोड हेच चालू आहे, तुमच्यापैकी निम्मे लोक मला "अहो ते प्रिंटरवाले आलेत" एवढंच ओळखतात आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. माझ्यासारखेच लोक तुमच्या लिफ्टला येतात, एसीला येतात, पाण्याच्या फिल्टरला येतात, भिंतीवर कार्ड लावलेलं असतं त्याच्यावर तारीख टाकून सही करून जातात. आज मला बोलायचंय ते अशा एका गोष्टीबद्दल जी तुमच्या मशीनवर आहे पण तिचं कार्ड कुठल्याच भिंतीवर नाही: टॉर ब्राउझर, म्हणजे आपण कोण ते झाकून इंटरनेट बघू देणारं सॉफ्टवेअर.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. एका संस्थेची लॅब, नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही कारण वाचताना चार-पाच जणांना वाटणारच आहे की हे आपलंच चाललंय. परीक्षा संपलेल्या, चाळीस मशीन स्लो झाल्यात म्हणून मला बोलावलेलं. सतरा नंबरच्या मशीनवर जांभळ्या कांद्याचा आयकॉन दिसला, टॉर ब्राउझर. मला बरंच वाटलं, म्हणलं कोणीतरी विचार करून टाकलेलं दिसतंय. उघडलं तर कनेक्टच होईना. लॅबमधला मुलगा म्हणाला, "ते बंद केलंय ना सरकारनं, कधीच चालत नाही." मी खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल मेलेला, मशीन बंद केलं की घड्याळ परत जन्माच्या दिवशी जातं. आता टॉरला घड्याळ बरोबर लागतं, कारण नेटवर्कमधल्या सर्व्हरांची जी यादी असते ती दर तासाला नवीन निघते आणि थोडेच तास चालते, तुमचं मशीन २००९ मध्ये बसलेलं असेल तर त्याला ती यादी खरी वाटणारच नाही. तारीख नीट केली, एका मिनिटात कनेक्ट झालं. म्हणजे "सरकारनं बंद केलं" म्हणून जे कारण सांगितलं जात होतं ते चाळीस रुपयांच्या सेलचं होतं!

पण खरं पुढे आहे. व्हर्जन बघितलं तर ११.०, म्हणजे २०२१ च्या नोव्हेंबरातलं. कोणीतरी पाहुणे सेमिनारला आले होते, त्यांनी टाकून दिलं, फोटो काढले, गेले. मी अपडेट दिला, झाला, चहा पिऊन आलो, रीस्टार्ट केलं आणि परत ११.०! मग लक्षात आलं की सगळ्या मशीनवर ते फ्रीझवालं सॉफ्टवेअर आहे, पोरं गेम टाकतात, वॉलपेपर बदलतात म्हणून रीस्टार्ट झालं की सगळं पहिल्यासारखं. आपल्या सोयीसाठी उत्तम आहे, मीच कितीतरी लॅबमध्ये बसवून दिलंय. पण त्याचा अर्थ असा की ते बिचारं ब्राउझर अडीच वर्षं, तारीख जाग्यावर असेल त्या दिवशी, उघडलं की स्वतःहून अपडेट डाउनलोड करायला बसत होतं आणि मशीन बंद झालं की सगळं विसरून २०२१ च्या नोव्हेंबरात जाऊन पडत होतं.

मी म्हणलं अनफ्रीझचा पासवर्ड द्या. तो मुलाकडे नाही. सरांकडे आहे, सर गावी गेलेत.

तेवढ्यात एक मुलगी आली, सुट्टीतही येणारी एकदोन असतातच, मला विचारते, "काका, सतरा नंबर चालू झालं का?" म्हणलं कशाला हवंय, दुसऱ्यावर बस. तर म्हणे नाही, ते जांभळंवालं फक्त ह्याच्यावर आहे, ज्या दिवशी चालतं त्या दिवशी मी त्याच्यावरच बघते. काय बघते ते मी विचारलं नाही. विचारायचं नसतंच, ते विचारायची गरज पडू नये म्हणून तर ते सॉफ्टवेअर आहे. घरचं काही असेल, तब्येतीचं असेल, कुठल्या माणसाची तक्रार कुठे करायची ते शोधत असेल. ती त्या कांद्याच्या चित्रावर विश्वास ठेवून बसत होती एवढं मला कळलं आणि आतलं व्हर्जन अडीच वर्षं शिळं आहे हे त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त मलाच माहीत आहे असं मला तेव्हा वाटलं, ते पण पंधरा मिनिटांपूर्वीपासून.

म्हणून हे पत्र. दोन वर्षं डोक्यात घोळतंय, आज बसून लिहितोय.

जुनं ब्राउझर म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण "अहो चालतंय ना" हे मी रोज ऐकतो. टॉर ब्राउझर म्हणजे आतून फायरफॉक्सच असतं, त्यातली ती लांब चालणारी ईएसआर म्हणतात ती आवृत्ती. फायरफॉक्समध्ये जे भोक सापडतं, म्हणजे हल्ला करणाऱ्याला आत शिरता येईल अशी चूक, ते बहुतेक वेळा टॉर ब्राउझरलाही असतं. २०१३ मध्ये असंच एक भोक सापडलं, जूनच्या शेवटी ते बुजवलेलं टॉर ब्राउझर सगळ्यांसाठी आलेलं पण होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला फ्रीडम होस्टिंग नावाच्या, टॉरवरच्या साइट ठेवून देणाऱ्या सेवेवरच्या साइट उघडणाऱ्यांवर त्याच भोकातनं हल्ला झाला, मागे एफबीआय होती हे नंतर पुढं आलं. तिथं गुन्हेगार होते हे खरं, पण त्याच होस्टिंगवर टॉरमेल नावाची साधी ईमेल सेवा पण होती, तिची पण तीच गत. आणि तो कोड करत काय होता? विंडोज मशीनचं नाव आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) उचलायचा आणि टॉरच्या बाहेरनं सरळ पाठवून द्यायचा, म्हणजे खरा आयपी, इंटरनेटवरचा पत्ता, तो पण आपोआप कळला. आता सर, तुमच्या लॅबमध्ये मशीनचं नाव काय असतं ते आठवा. लॅब २, पीसी १७. आणि मॅक ॲड्रेसची एक्सेल शीट तर तुम्हीच माझ्याकडनं करून घेतलीय, डेड स्टॉक रजिस्टरसाठी. सापडायला अजून काय लागतं? आणि ज्यांनी जूनचा अपडेट मारला होता ते सगळे वाचले, पाच-सहा आठवडे "नंतर करू" म्हणलेले अडकले.

दुसरं एक आहे, ते लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. टॉरचं सगळं बळ गर्दीत आहे. पौषवारीला त्र्यंबकला दिंड्या येतात तेव्हा बघा, पांढरं धोतर, पांढरी टोपी, हजारो माणसं, त्यात तुमचे मामा शोधून दाखवा. टॉर ब्राउझर तेच करतं, सगळ्यांना एकसारखं दाखवतं, खिडकीचा साइझ पण मुद्दाम ठरावीक मापात ठेवतं (ते कडेला राखाडी पट्टे दिसतात ना, ती बिघाड नाही, कृपा करून मला त्यासाठी फोन करू नका). आता त्या दिंडीत एकजण अडीच वर्षांपूर्वीचा केशरी रेनकोट घालून चालला तर? जुनं व्हर्जन म्हणजे तो रेनकोट. लपायला गेलेला माणूस लपायच्या सॉफ्टवेअरमुळेच उठून दिसतो. गर्दी कमी असली की काय होतं त्याचं उदाहरण हार्वर्डचं, २०१३ च्या डिसेंबरात एका विद्यार्थ्यानं परीक्षा टाळायला टॉरवरनं बॉम्बची खोटी धमकी पाठवली आणि सापडला, कारण त्या वेळी कॉलेजच्या वायफायवर टॉर वापरणारे होतेच किती, पोलिस जाऊन विचारून आले. बरंच झालं सापडला. पण जो हिशोब त्याला लागू तोच त्या सतरा नंबरवाल्या मुलीला पण लागू, सॉफ्टवेअरला चांगलं-वाईट कळत नाही.

कांदा म्हणलं की आपल्याकडं भावाचीच चर्चा सुरू होते म्हणून थोडं ह्या कांद्याबद्दल पण सांगतो, लासलगाव जवळ असून आपल्याला हा कांदा माहीत नाही हे काही बरोबर नाही. तुमची रिक्वेस्ट तीन पापुद्र्यांत गुंडाळली जाते, वाटेत तीन सर्व्हर, प्रत्येकजण एक पापुद्रा काढतो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं पण कुठं चाललात ते नाही, तिसऱ्याला कुठं ते कळतं पण कोण ते नाही, मधल्याला दोन्ही नाही. कल्पना निघाली अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतनं, नव्वदच्या दशकात. आता कोणीतरी म्हणणारच, नेव्हीनं केलेलं मग भरवसा कसा ठेवायचा. त्याची गंमत अशी की नुसत्या नेव्हीच्या माणसांनी वापरलं असतं तर जो कोणी वापरेल तो नेव्हीचाच असं उघड झालं असतं, म्हणून त्यांनाच ते सगळ्या जगाला वापरायला देणं भाग होतं. २००२ मध्ये नेटवर्क सुरू झालं, कोड खुला, २००६ मध्ये टॉर प्रोजेक्ट म्हणून ना-नफा संस्था झाली. आज जगभर हजारो सर्व्हर लोक स्वतःच्या खर्चानं चालवतात, तुम्हाला काही बिल येत नाही.

माझ्या मामांची निफाड तालुक्यात कांदाचाळ आहे. उन्हाळ कांदा चाळीत भरला म्हणजे काम झालं असं बाहेरच्याला वाटतं, खरं काम तिथनं सुरू होतं. पावसाळी हवा लागली की वास घेत फिरायचं, कुठं ओल धरलीय बघायचं, सडका दिसला की लगेच काढायचा, नाहीतर एकानं शेजारचे दहा जातात. मामी तर नुसत्या वासावरनं सांगते कुठल्या कप्प्यात लागलंय ते. टॉरच्या नेटवर्कची पण अशीच निवड चालू असते. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड सापडलं, ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीतलं (पुस्तकांची नाही, इतर सॉफ्टवेअर वापरतात तो तयार कोड) भोक, अर्धं इंटरनेट त्या लायब्ररीवर चालत होतं, तेव्हा ज्या टॉर सर्व्हरवाल्यांनी अपडेट केलं नाही असे शेकडो सर्व्हर यादीतनं सरळ बाहेर काढले. नेटवर्कची ताकद कमी झाली तरी चालेल म्हणले, सडका नको. आणि जुनं झालं म्हणून टाकून देण्याची पण त्यांच्यात हिंमत आहे. टॉरच्या आतल्या साइटचे जुने सोळा अक्षरी ऑनियन पत्ते होते, ते कमजोर पडले म्हणून आधी सांगून-सवरून २०२१ मध्ये बंदच केले, आता छप्पन्न अक्षरी. आपण मात्र २०१४ चा टॅली बदलायला तयार नसतो.

हे सगळं करतं कोण हे ऐका, माझं खरं दुखणं तिथं आहे. खूप लोकांना वाटतं मागं मोठी कंपनी असेल, काचेची बिल्डिंग वगैरे. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळं देणग्या आटल्या तेव्हा टॉर प्रोजेक्टला १३ माणसं कमी करावी लागली, राहिली २२. बावीस! आपल्याकडं एखाद्या कॉलेजच्या ॲडमिन ऑफिसात त्याहून जास्त माणसं असतात. तेवढ्यांनी ब्राउझर, नेटवर्क, अँड्रॉइड सगळं ओढलं. फायरफॉक्सचं नवीन आलं की त्यांना पण त्याच आठवड्यात काढावं लागतं, प्रायव्हसीचे सगळे बदल परत बसवून, सगळ्या सिस्टिमवर तपासून. २०१६ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्समधल्या अशाच एका भोकावर प्रत्यक्ष हल्ले सुरू झाले तेव्हा मोझिलाचा फिक्स आणि टॉरचा अपडेट एकाच दिवशी आला. आणि २०१९ चा तो ४ मे, शनिवार, माझ्या चांगला लक्षात आहे कारण त्या दिवशी मला पण सकाळपासून फोन, "फायरफॉक्समधली सगळी एक्स्टेंशन गेली". कोडमध्ये एक अक्षर चुकलं नव्हतं, मोझिलाच्या एका सर्टिफिकेटची तारीख संपली, बस. पण टॉर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट (साइटवरचे छोटे प्रोग्रॅम) अडवणारं नोस्क्रिप्ट नावाचं एक्स्टेंशन हेच मोठं कवच, ते पण त्याच्याबरोबर बंद पडलं. ज्यांनी सेफेस्ट लेव्हल, म्हणजे सगळ्यात कडक सेटिंग, लावली होती त्यांच्याकडं पण जावास्क्रिप्ट चालायला लागलं आणि वर एक बारीक पिवळी पट्टी. काही दिवसांत ८.०.९ आलं तेव्हा मिटलं. एक तारीख विसरली गेली की काय होतं, बघा. मला तर ते वाचून आपल्या त्या मेलेल्या सेलचीच आठवण येते.

एक्सझेडचं प्रकरण पण सांगायलाच हवं, टॉरचं नाही पण जातकुळी तीच. फायली दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी, लिनक्समध्ये सगळीकडं असते, सांभाळणारा माणूस मुळात एकच, लासे कॉलिन, फुकटात, थकलेला, आणि लोक त्यालाच टोचून बोलत होते की लवकर करत नाहीस. मग जिया टॅन नावानं कोणीतरी मदतीला आला, दोन-अडीच वर्षं गोड वागून विश्वास कमावला आणि शेवटी आत चोरदरवाजा ठेवला. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनं ते उघडकीला आणलं, कशावरनं तर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून त्यानं खोदून बघितलं. अर्धा सेकंद! आपल्याकडं मशीन उघडायला चार मिनिटं लागली तरी कोणी तक्रार करत नाही. मला त्या चोरापेक्षा त्या एकट्या थकलेल्या माणसाचं जास्त वाटतं, त्याला वेळेवर कोणी "दोन दिवस मी बघतो" म्हणणारं भेटलं असतं तर चोराला दार सापडलं नसतं.

आता तुमच्या लॅबमधला तो मुलगा. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, पगार किती ते तुम्हाला माहीत आहे, प्रोजेक्टर लाव, हॉल तिकीट प्रिंट कर, मॅडमच्या मुलाचं ॲडमिशन फॉर्म भर. त्याला मी नंतर विचारलं की अरे व्हर्जन जुनं आहे हे तुला कळलं नव्हतं का? म्हणाला, कळलं होतं, दोनदा लेखी दिलं होतं. त्याच्याकडं अनफ्रीझचा पासवर्ड नाही, अपडेटसाठी तासभर लॅब रिकामी मिळत नाही आणि बंद मशीनवर बसून काय करतोस म्हणून बोलणी बसतात. ह्याच्यात त्याची चूक काय? सॉफ्टवेअर टाकणाऱ्याचा फोटो पेपरात आला, सांभाळणाऱ्याच्या कामाच्या यादीत ते लिहिलेलंच नाही. माझी पहिली मागणी हीच आहे, बाकी सोडा पण हे करा. कोणाच्या तरी नावानं ते काम लिहा, महिन्यातनं एक ठरलेली दुपार द्या, अनफ्रीझचा पासवर्ड द्या आणि लिफ्टसारखं एक कार्ड भिंतीवर लावा, तारीख आणि व्हर्जन. ज्याला वापरायचंय त्याला बसायच्या आधी दिसेल की शेवटचं कधी बघितलंय.

आणि हे जमणार नसेल तर काढून टाका. खरंच सांगतो, राग नाही. पाटी लावून बंद ठेवलेला दवाखाना परवडतो, एक्स्पायरी गेलेल्या गोळ्या देणारा नाही. सतरा नंबरवरनं टॉर काढलं असतं तर ती मुलगी दुसरा रस्ता शोधती, निदान खोट्या भरवशावर बसती नाही.

विंडोज ७ चा विषय येणारच. तुमच्याकडं अजून आहेत, मला माहीत आहे, मीच फॉरमॅट मारतो. २०२४ च्या ऑक्टोबरात टॉर ब्राउझर १४.० आलं तेव्हापासून विंडोज ७, ८ आणि ८.१ बंद. त्यांनी दया म्हणून जुनी १३.५ शाखा फक्त सिक्युरिटी फिक्ससाठी पुढं ओढली, पण दुसऱ्याच्या दयेवर लॅब चालवू नका. जुन्या मशीनला लिनक्स टाका, नाहीतर टेल्स नावाची सिस्टिम आहे, डेबियनवर बांधलेली, ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरनं चालते, काढली की मशीनवर काही उरत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात टेल्सवाले आणि टॉरवाले एकत्र झाले, काम वाटून घ्यायला. पण तिथं पण तेच आहे मंडळी, पेन ड्राइव्ह केला आणि ड्रॉवरमध्ये टाकला असं नाही चालत. महिन्या-दीड महिन्यानं नवीन येतं, आणि ६ वरनं ७ वर जाताना तर हातानं अपग्रेड करावं लागतं, ७.० ला रॅम पण ३ जीबी लागते. दोन जीबीवाली मशीन असतील तर मला सांगा, काढलेल्या रॅमच्या पट्ट्या माझ्याकडं डबाभर आहेत.

पेन ड्राइव्हवरनं आठवलं. नाशिकमध्ये एक फोल्डर फिरतोय, "टॉर फायनल न्यू", मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी बघितलाय, एका वकिलांच्या ऑफिसात, एका साप्ताहिकाच्या संपादकांकडं आणि एका क्लासमध्ये. कोणी कोणाकडनं घेतला कोणालाच माहीत नाही. चांगला असेलही. पण २०२२ मध्ये चिनी भाषेतल्या एका यूट्यूब व्हिडिओखाली टॉर ब्राउझरची लिंक दिलेली होती, हुबेहूब तसंच दिसणारं, आत हेरगिरीचं सॉफ्टवेअर. लपायला म्हणून जे घेतलं तेच बघत बसलेलं. म्हणून सेटअप घ्यायचा तर टॉर प्रोजेक्टच्या स्वतःच्या साइटवरनं, बरोबर डिजिटल सहीची जी फाइल मिळते ती तपासून, म्हणजे सेटअप खरा त्यांचाच आहे ते कळतं. तपासायला पाच मिनिटं लागतात, तुमच्या थर्ड इयरच्या पोरांना क्रिप्टोग्राफी पेपरला असतेच, पाठ करण्यापेक्षा एकदा हातानं करू द्या. आणि ही मंडळी तर अजून पुढं गेलीत, कोड घेऊन त्यातनं तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर तयार केलंत तर बाइट टू बाइट तेच निघालं पाहिजे अशी सोय त्यांनी २०१३ पासून केलीय. दुकानदारानं स्वतःहून म्हणावं, घ्या, घरी नेऊन वजन करा.

प्रिन्सिपॉल सरांचा प्रश्न ठरलेला असतो, "हे लीगल आहे ना?" टॉर वापरणं हा आपल्याकडं गुन्हा नाही, त्याच्यावर गुन्हा केलात तर तो गुन्हाच आहे, जसा फोनवरनं केला तरी. २०२२ च्या एप्रिलात सर्ट-इनचे, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, निर्देश आले, पाच वर्षं ग्राहकांची माहिती ठेवा वगैरे, ते व्हीपीएन सेवा देणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर अशांना होते, तुमच्या मशीनवरच्या ब्राउझरला नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे म्हणून सांगितलंय. पण मी प्रामाणिकपणे उलटी बाजू पण सांगतो. तुमच्या दारात जे रजिस्टर आहे, नाव, वेळ, मशीन नंबर, ते टॉर झाकत नाही. सायबर कॅफेला तर २०११ पासून नियमच आहेत, ओळखपत्र बघा, नोंदी वर्षभर ठेवा. तर लॅबमध्ये टॉर लावलं म्हणजे माणूस अदृश्य झाला असं पोरांना सांगू नका, काय लपतं आणि काय नाही ते कार्डावरच दोन ओळीत लिहा. आणि एक्झिट सर्व्हर, म्हणजे तो तिसरा, लॅबच्या कनेक्शनवर हौस म्हणून चालवू नका, दुसऱ्यानं केलेल्या उद्योगाची चौकशी तुमच्या गेटवर येईल.

काही करायचीच हौस असेल तर स्नोफ्लेक आहे. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन टाकायचं, ज्या देशांत टॉर अडवलंय तिथल्या माणसाला तुमच्या ब्राउझरमधनं टॉरच्या दारापर्यंत जाता येतं, पुढच्या साइटला तुमचा पत्ता दिसत नाही. रशियानं २०२१ च्या डिसेंबरात अडवलं, इराणमध्ये २०२२ ला आंदोलन पेटलं, तेव्हा ह्याच्यावर लोकांचं चाललं. अमेरिकेत लेबनन नावाच्या छोट्या गावात किल्टन वाचनालय आहे, त्यांनी २०१५ मध्ये लायब्ररीतच टॉरचा सर्व्हर लावला, पोलिस विचारायला आले, घाबरून बंद केला, मग गावकरी आणि विश्वस्त बसले आणि परत चालू केला. आपल्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, कोणी कुठलं पुस्तक नेलं हे गावभर सांगायची तिथं पद्धत नाही, मग हा विचार आपल्याला परका का वाटावा?

मराठीचं पण बघा जरा. फायरफॉक्स मराठीत आहे, टॉर ब्राउझरच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. "नवीन आवृत्ती उपलब्ध, रीस्टार्ट करा" एवढं मराठीत दिसलं असतं तर निदान काही जणांनी ते बटण दाबलं असतं, इंग्रजी खिडकी आली की आपली माणसं वाचायच्या आधी कट करतात, सोळा वर्षांचा अनुभव आहे. भाषांतर ऑनलाइन करता येतं, प्रोग्रॅमिंग लागत नाही. आपल्या गावात मुक्त विद्यापीठ आहे, मराठी विभाग आहेत, दरवर्षी पोरांना प्रोजेक्ट म्हणून तेच ते लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम करायला लावता, त्यातल्या दोघांना हे द्या. फक्त शब्द बोलण्यातले ठेवा, "अद्ययावत करा" लिहिलंत तर परत कोणी दाबणार नाही.

सतरा नंबरचं काय झालं ते राहिलं. सर जूनमध्ये आले, पासवर्ड मिळाला, मी स्वतः जाऊन अनफ्रीझ केलं, विंडोज ७ काढून लिनक्स टाकलं, टॉर नवीन घेतलं, सही तपासली, आणि ब्राउझरचा फोल्डर फ्रीझच्या बाहेर ठेवला म्हणजे अपडेट टिकतो. सेल बदलला. जुना सेल अजून माझ्या बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, फेकायचा राहूनच जातो. ती मुलगी परत दिसली नाही, पास होऊन गेली असेल.

तर सर, मॅडम, सोमवारी लॅब उघडल्यावर एकदा खालचा उजवा कोपरा बघा. तारीख चुकली असेल तर बोलवा, रविवार सोडून कधीही येतो. एएमसीत टॉर धरून घ्या, त्याचे जास्तीचे पैसे मी लावणार नाही, सेलचे तेवढे चाळीस द्या.

तुमचाच,
प्रिंटरवाला, नाशिक

ता. क. अनफ्रीझचा पासवर्ड मॉनिटरच्या मागं चिकटवू नका. मी पाच लॅबमध्ये तिथनंच वाचलाय.